आधी मुलीच्या आईला डॉक्टरकडे न्या

तुम्ही लिहिता, ‘मुलीने दोनदा ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा दिली, गुण कमीच पडले. आता तिसऱ्यांदा बसायला तयार नाही, हार्मोन्स आणि मेंदूवर संशोधन करायचं म्हणते. त्यात तिची आई 47 वर्षांची, हल्ली विसरते, चिडते, रात्र रात्र जागी असते. मुलीच्या अभ्यासाकडे तिचं लक्षच नाही.’

गुणांपेक्षा मला या शेवटच्या वाक्यांची काळजी वाटते. बायकोला त्रास होतो आहे आणि तुम्ही तो तिचा हलगर्जीपणा म्हणून मांडलात. मुलीला मात्र तो त्रास दिसला असावा. तिचा प्रश्न बहुधा घरातूनच आला आहे.

‘हार्मोन्सचा संबंध पाळीशी आणि मुलंबाळं होण्याशी, मेंदूशी कसला?’ हा तुमचा समज साफ चुकीचा आहे. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम 2 टक्के, पण ऊर्जा लागते सुमारे 20 टक्के, तीही मुख्यतः ग्लुकोजमधून. पेशींनी ते ग्लुकोज आत घेऊन त्यातून ऊर्जा काढावी, या कामाला इस्ट्रोजेन हे स्त्रियांमधलं मुख्य हार्मोन हातभार लावतं. पाळी जाण्याच्या काळात ते घटतं, तेव्हा मेंदूचा ग्लुकोजचा वापरही कमी झालेला ‘पेट’ स्कॅनमध्ये (हा वापर चित्रात दाखवणाऱ्या तपासणीत) दिसला आहे. पुरुषांचा मेंदूसुद्धा टेस्टोस्टेरॉनपासून इस्ट्रोजेन बनवतो. म्हणजे हा विषय तुमच्याही म्हातारपणाचा आहे. बरं, बाहेरून हार्मोन दिले की भागलं, असंही नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत 65 च्या पुढच्या स्त्रियांना इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन हे दुसरं हार्मोन एकत्र दिलं, तर स्मृतिभ्रंशाचा धोका दुप्पट निघाला. हे 2003 साली प्रसिद्ध झालं. पाळी जातानाच उपचार सुरू केले तर मेंदूला फायदा होतो का, यावर वाद चालूच आहे. अशा प्रश्नांवर काम करायला एमबीबीएसच हवं, असं नाही.

वाट सांगतो: आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थांसाठी आयएटी ही प्रवेश परीक्षा (बारावीच्या वर्षाची अट आजच तपासा), नाहीतर बायोकेमिस्ट्रीत बीएस्सी, मग एमएस्सीच्या प्रवेशासाठी जॅम, संशोधनासाठी नेट या परीक्षा आणि पीएचडी. वेळ लागेल, कमाई उशिरा सुरू होईल. हे तिला स्पष्ट सांगा आणि निर्णय तिला घेऊ द्या. तिच्या मनाविरुद्ध तिसऱ्यांदा नीटचा फॉर्म भरू नका.

पण त्याआधी, याच आठवड्यात, बायकोला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-12 तपासायचं का, तेही विचारा. झोपेची आणि विसरण्याची तक्रार तिला स्वतःच्या तोंडाने सांगू द्या. तिच्या वतीने तुम्ही बोलू नका.