दम्याच्या पंपाची सवय लागेल का?

"एकदा पंप लागला की सुटत नाही म्हणतात. मुलीची जात, उद्या लग्न कसं जुळणार?" मुंबईत गोवंडीच्या शिवाजीनगरातल्या एका आजीचा हा प्रश्न. नात आठ वर्षांची. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) दम्याच्या मुलांच्या घरून हीच भीती सतत ऐकू येते.

पोरीला रात्री धाप लागली की गल्लीतल्या दवाखान्यात वाफ, इंजेक्शन, गोळ्या. दोन दिवस बरं, पुन्हा तेच. रोज घ्यायचा पंप लिहून दिलेला होता, पण बरं वाटताच आजीनं तो बंद केला.

मी हिशेब मांडला. साल्ब्युटामॉल म्हणजे धाप लागली की श्वासनळी मोकळी करणारं औषध. त्याची लहान गोळी 2 मिलिग्रॅमची. पंपाच्या एका दाबात 100 मायक्रोग्रॅम, म्हणजे विसावा हिस्सा, तोही थेट श्वासनळीत. आजीनं हा हिशेब पुन्हा करायला लावला. रोजचा पंप वेगळा. तो श्वासनळीची सूज उतरवतो. मध्येच सोडला की दमा उसळतो आणि लोक म्हणतात, सवय लागली!

आई तोवर गप्प होती. ती घरी नगावर जरीकाम करते. ओपीडीत गेलेला दिवस म्हणजे बुडालेली मजुरी, वर खिडकीवर ऐकायचं, "औषध संपलंय, बाहेरून घ्या." खरी गाठ इथे होती. जनऔषधी दुकानात स्वस्तात काय मिळतं ते आमच्या समाजसेविकेनं शोधून दिलं. मधली तपासणी पालिकेच्या 'आपला दवाखाना'त, काम उरकून संध्याकाळी. स्पेसरला, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायच्या नळकांड्याला, पैसे नव्हते, तर अर्ध्या लिटरच्या प्लास्टिक बाटलीला बुडाशी पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडून तिथेच करून दाखवला. असा स्पेसर चालतो, हे अभ्यासांत दिसलंय.

देवनारचं कचऱ्याचं डम्पिंग ग्राउंड 1927 पासून त्यांच्या वस्तीशेजारी आहे. "घर बदला" हा सल्ला मी देत नाही. ज्याला जमलं असतं तो कधीच गेला असता. मच्छर कॉइल बंद आणि वडिलांची बिडी घराबाहेर, एवढंच मागितलं. शिवाय बजावलं: बोलताना वाक्य तुटतंय, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जातेय, ओठ निळसर झालेत, तर गल्लीतला दवाखाना नको, पंप देत देत थेट मोठं रुग्णालय गाठा.

पाहुणे आले की आजी ती बाटली अजूनही कपाटात टाकते. औषध चुकत नाही, तोवर मी त्यावर वाद घालत नाही.