नातवंडं बालगृहात, आजीची बाजू कोण मांडणार?

प्रश्न : मी कुंभारीच्या विडी घरकुलात राहते, वय ६१. मुलगी दोन वर्षांपूर्वी वारली. जावई पुण्यात सेंट्रिंगच्या कामावर असतो, पितो, सहा-सहा महिने फिरकत नाही. नातू दहा वर्षांचा, नात सात वर्षांची; आईच्या मागे दोघं माझ्याकडेच आहेत. नऊ दिवसांपूर्वी नातू बापाला शोधायला निघाला आणि सोलापूर स्टेशनवर पोलिसांना सापडला. त्याला बालकल्याण समितीपुढे नेलं. दोन दिवसांनी घरी चौकशीला लोक आले, तेव्हा नात माझ्याशेजारी बसून विडीला दोरा गुंडाळत होती. तिलाही नेलं. दोघं आता वेगवेगळ्या बालगृहात आहेत. एका कागदावर माझा अंगठा घेतला, त्यात काय होतं ठाऊक नाही. बाहेर एकानं सांगितलं, इथं वकील लागत नाही. दुसरा म्हणाला, पंधरा हजार द्या, पोरं सोडवून आणतो. मुलं दत्तक देतील का? माझं कोण ऐकेल?

उत्तर : आजी, हे पत्र शेजारच्या मुलीनं लिहून दिलं असं तुम्ही शेवटी कळवलंय. हे उत्तरही तिच्याकडून दोनदा वाचून घ्या. तुमच्याकडे दिवस थोडे आहेत, म्हणून आधी पैशांचं बोलते. त्या माणसाला एक रुपयाही देऊ नका. समितीपुढून मुलं ‘सोडवून आणायची’ नसतात आणि तिथे कसली फीही नसते.

वकील तुम्हाला फुकट मिळेल. ही कुणाची मेहेरबानी नाही, तुमचा हक्क आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा. त्याच्या कलम १२ मध्ये मोफत वकील कुणाला मिळतो याची यादी आहे. त्यात ‘स्त्री किंवा बालक’ असं सरळ लिहिलंय आणि त्यापुढे उत्पन्नाची अट नाही. तुम्ही स्त्री म्हणून बसता, नातवंडं बालक म्हणून बसतात. उत्पन्नाचा दाखला आणा म्हणून कुणी परत पाठवलं, तर कलम १२ चं नाव घ्या आणि तिथून हलू नका. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. तिथे साध्या कागदावर अर्ज द्यायचा. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा, तिथले विधी स्वयंसेवक लिहून घेतात. अर्जावर सात दिवसांच्या आत निर्णय व्हायला हवा, पण तुमच्याकडे तेवढाही वेळ नाही. त्यामुळे ‘मुलं समितीच्या ताब्यात आहेत, चौकशी चालू आहे, आजच वकील द्या’ हे वाक्य अर्जात ठळक लिहून घ्या. जाता येत नसेल तर १५१०० या हेल्पलाइनवर फोन करा. नेमून दिलेल्या वकिलानं तुमच्याकडे पैसे मागायचे नसतात. मागितलेच, तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करून दुसरा वकील मागता येतो.

यात एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते आणि तीच सर्रास राहून जाते. वकील दोन मागा. एक तुमच्यासाठी, दुसरा मुलांसाठी. तुम्ही म्हणाल, आम्ही का वेगळे आहोत? मायेनं नाही आहात. पण उद्या नातू समितीपुढे म्हणाला की मला पप्पांकडेच जायचंय, तर तुमच्या वकिलानं काय करायचं? त्या पोराचं म्हणणं मांडायला त्याचं स्वतःचं कुणीतरी हवं. मुलांना योग्य ती कायदेशीर मदत मिळवून देणं हे बाल न्याय कायद्याच्या कलम ३० नुसार समितीचंही काम आहे. म्हणून मुलांच्या वकिलासाठीचा अर्ज समितीकडेही द्या. मुलांचा वकील वेगळा असला की तुमचीही बाजू भक्कम होते, कारण मुलं आजीबद्दल जे बोलतील ते पढवलेलं आहे असं कुणाला म्हणता येणार नाही.

‘इथं वकील लागत नाही’ हे अर्धं खरं आहे. समिती म्हणजे कोर्ट नाही. अध्यक्ष आणि चार सदस्य, मुलांना भीती वाटणार नाही असं वातावरण, काळे कोट आणि आरडाओरडा नको, हा हेतू चांगलाच आहे. पण याच समितीला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत, आणि दोन मुलं कुठे वाढणार हे ती ठरवते. पुरावा घेण्याचा अधिकार असलेल्या कुठल्याही व्यक्तीपुढे वकिलाला उभं राहता येतं, असं वकिलांच्या कायद्याचं कलम ३० म्हणतं. शिवाय बाल न्याय कायद्याच्या मूळ तत्त्वांतच सगळ्यांना नीट ऐकून घेण्याचा हक्क लिहिलाय. तेव्हा वकील लागत नसेल, पण आणता नक्की येतो.

तुमचा मनातला धाक वेगळाच असणार. आपण फक्त आजी, बाप जिवंत, मग आपला हक्क काय? तर बाल न्याय कायदा २०१५ ची ‘पालक’ या शब्दाची व्याख्या तुमच्या बाजूची आहे. आईवडिलांसारखा नैसर्गिक पालक तर पालक आहेच, पण समितीच्या मते मूल प्रत्यक्षात ज्याच्या ताब्यात होतं तोही पालक धरला जातो. दोन वर्षं जेवण, शाळा, दवाखाना कुणी केला? तुम्ही. म्हणजे ‘मी त्यांची पालक आहे’ हे तुम्हाला सिद्ध करता येतं, आणि तुमच्या वकिलाचं पहिलं काम तेच असेल.

आता सगळ्यात मोठी गोष्ट, गृहचौकशी. सामाजिक तपासणी अहवाल १५ दिवसांत पूर्ण व्हावा आणि मूल पहिल्यांदा समितीपुढे आल्यापासून चार महिन्यांत अंतिम आदेश व्हावा, असं कलम ३६ सांगतं. नातवाचे नऊ दिवस गेले, नातीचे सात. लोकांना वाटतं सुनावणीच्या दिवशी बोलू. सुनावणीच्या दिवशी समितीसमोर तो अहवाल असतो, आणि त्यात ‘घरी देखरेख नाही’ एवढी एक ओळ असली तर ती पुसायला महिने जातात. म्हणून वकील अहवालाच्या आधी हवा. त्यानं समितीला लेखी कळवायचं की आजी मुलांना सांभाळायला तयार आहे, घर तिचं आहे, पुन्हा येऊन बघा आणि आमचंही म्हणणं नोंदवा.

घरी जे येतील त्यांच्याशी भांडू नका. कागद एका पिशवीत तयार ठेवा : मुलांचे जन्मदाखले, शाळेचे बोनाफाईड आणि हजेरी, मुलीचा मृत्यूचा दाखला, रेशन कार्ड, घरकुलाचा कागद, तुमचं विडी कामगार ओळखपत्र, पीएफची चिठ्ठी. शाळेच्या बाईंनी दोन ओळी लिहून दिल्या तर फारच उत्तम. आणि तुमचं वय लपवू नका. ‘उद्या तुम्हाला काही झालं तर?’ हा प्रश्न येणारच. मुलगा, सून, भाऊ, जवळचं जे कुणी खरोखर पाठीशी उभं राहील त्याला घेऊन जा. ‘आजीला मदत लागली तर मुलांची जबाबदारी मी घेईन’ एवढं त्यानं समितीपुढे म्हणावं.

विडीचं मात्र तुम्हाला कडू वाटेल ते सांगते. सात वर्षांच्या पोरीच्या हातात तंबाखू चालत नाही. घरच्या धंद्यात शाळा सांभाळून मुलांनी मदत करायला २०१६ च्या दुरुस्तीनं मुभा दिली आहे, पण ती धोकादायक कामांना नाही, आणि तंबाखू हाताळणं धोकादायक कामातच येतं. ‘ती नुसती बसली होती’ असं म्हणू नका. चौकशीला आलेल्यांनी पाहिलंय, तुम्ही नाकारलंत तर तुमचं बाकीचं खरंही खोटं ठरेल. हजार विड्यांचा हिशेब पुरा करताना पोरीचा हात कसा लागतो हे सोलापूरच्या पूर्व भागातल्या घराघरात माहीत आहे, मलाही माहीत आहे. खरं तेच सांगा : हात लागला, चुकलं, पुन्हा होणार नाही, मी विड्या वळते त्या वेळेत ती शाळेत किंवा शेजारी असेल. आणि ते तसंच करा.

अंगठ्याचा कागद काय आहे ते आधी बघायला हवं. बहुतेक तो जबाब असेल. पण मूल स्वखुशीनं सोपवून देण्याचा कागदही असतो, आणि तो पालकाकडून समितीपुढे करून घेतला जातो. वर पालकाची जी व्याख्या सांगितली, तिच्यामुळेच मी हा धोका हलका धरत नाही. वकिलाला पहिल्याच दिवशी या कागदाची आणि दोन्ही मुलांच्या आदेशांची प्रत मागायला लावा. सोपवणुकीचा कागद निघालाच तर घाबरू नका, फेरविचाराला कायद्यानं दोन महिने दिलेत. त्या मुदतीत लेखी कळवायचं, की मला समजावून न सांगता अंगठा घेतला, मला मुलं हवी आहेत.

दत्तकाची भीती समजते, पण हे असं रातोरात होत नाही. मूल अनाथ, टाकून दिलेलं किंवा सोपवलेलं असेल तरच त्याला दत्तकासाठी मोकळं जाहीर करता येतं. दोन वर्षांवरच्या टाकून दिलेल्या किंवा अनाथ मुलाबाबत त्याआधी घरच्यांचा शोध घ्यायला चार महिन्यांची मुदत आहे, आणि तो निर्णय समितीच्या किमान तीन सदस्यांचा लागतो. ज्यांची आजी दर भेटीला दारात उभी आहे त्या मुलांना टाकून दिलेली म्हणता येत नाही. म्हणून एकही भेट चुकवू नका, आणि प्रत्येक वेळी रजिस्टरात नाव आणि तारीख लिहिली का ते बघा. भाऊ-बहिणीची आपसात भेट करून द्या, अशीही मागणी अर्जात घाला. नात घरी तेलुगू बोलत असेल तर तिचं म्हणणं तिच्या भाषेत ऐकून घ्या, हेही लिहा. सात वर्षांचं लेकरू परक्या भाषेत गप्प बसतं आणि अहवालात ‘प्रतिसाद नाही’ असं येतं.

जावयाशी बोलणं होत असेल तर ‘मुलं आजीकडे राहोत’ असं त्याच्याकडून लिहून घ्या. तो अडून बसला तरी सगळं संपत नाही. मुलाचं हित बघून समिती तुम्हाला ‘योग्य व्यक्ती’ म्हणून मान्यता देऊन मुलं काही काळ तुमच्याकडे सोपवू शकते, देखरेखीखाली घरी पाठवू शकते. संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, हे त्या कायद्याचंच तत्त्व आहे. जावयानं ताब्याचा वाद घातलाच तर तो १८९० च्या पालकत्वाच्या कायद्याखाली न्यायालयात वेगळा चालेल. तो पुढचा प्रश्न.

आदेश विरोधात गेला तर ३० दिवसांत सोलापुरातच बाल न्यायालयात अपील करता येतं. तारीख आदेशापासून मोजतात, म्हणून प्रत लगेच घ्यायची. समितीच्या कामकाजाबद्दल तक्रार असेल तर ती जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते. आणि उच्च न्यायालयात जायची वेळ आलीच तर आता मुंबई गाठावी लागत नाही. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला त्याचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, सुरू झालंय आणि सोलापूर त्यात येतं.

‘तुमची ऐपत नाही’ असं कुणी म्हणालं तर बालसंगोपन योजनेचा विषय काढा. आई नसलेल्या मुलांसाठी ती आहे, दरमहा मुलामागे २,२५० रुपये, आणि त्याचा अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात होतो. दोन मुलांचे साडेचार हजार हे विड्यांच्या मजुरीवर चालणाऱ्या घराला मोठा आधार आहेत. समितीपुढे मुलं परत मागताना हा अर्जही सोबत जोडा.

मुलांचे फोटो, नावं कुणी व्हॉट्सॲपला लावली असतील तर आजच काढायला सांगा. मदतीच्या भावनेनं केलं असलं तरी समितीपुढच्या मुलाची ओळख उघड करणं कलम ७४ खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

आणि भेटीला गेलात की नातवाला ‘का पळालास’ म्हणून रागावू नका. बापाला शोधायला गेलेलं पोर आहे ते. त्याला सांगा, बाबाला निरोप दिलाय, आणि खरंच द्या. पुढे जायचं कधी, तर उद्या सकाळीच. त्या शेजारच्या मुलीला सोबत घ्या, आधी विधी सेवा कार्यालय, तिथून समिती. प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती न्या आणि एकीवर शिक्का, सही, तारीख असलेली पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नका.