पाठ टेकली म्हणजे हरला, हे आधी डोक्यातून काढा

तुमची पोस्ट वाचून हसू आलं, राग मानू नका. "सगळे डोक्यावर घेतात म्हणून १९९८ ची तामुरा विरुद्ध कोसाका बघायला बसलो. बाराव्या मिनिटाला बंद केली. दोघं नुसते लोळतायत, पाठ टेकते तरी पंच गप्प." यातलं शेवटचं वाक्य पंधरा वर्षांपूर्वी मीच लिहिलं असतं. शब्दन् शब्द.

ही लढत रिंग्जची, म्हणजे यूडब्ल्यूएफ ही जपानी कुस्तीसंस्था फुटल्यावर अकिरा माएदा या पैलवानाने काढलेल्या संस्थेची; त्याहून खोलात जात नाही. खरी की नुरा, एवढं मात्र आधी उरकून टाकतो, कारण खाली कुणीतरी ते विचारणारच. बहुतेक जाणकार ही लढत ठरवून खेळलेलीच मानतात. मीही मानतो. पण आपल्याकडच्या नुरा कुस्तीशी बरोबरी करू नका. नुरात पैलवान अंग चोरतो. इथे लाथ मांडीवर बसते तेव्हा मांडी लाल झालेली दिसते. आणि दोघांच्या अंगात विद्या होती. तामुराने फेब्रुवारी २००० मध्ये खऱ्या लढतीत रेन्झो ग्रेसी या ब्राझिलियन जुजुत्सूवाल्याला गुणांवर हरवलं. त्याच वर्षी डिसेंबरात कोसाकाच्या नावावर फ्योदोर एमेलियानेन्को या पुढे फार गाजलेल्या रशियन लढवय्यावरचा विजय लागला. तो १७ सेकंदांत, जखमेमुळे लढत थांबवल्याने, तेव्हा त्याला फार भाव देऊ नका.

आता माझी चूक. मी मिरजेकडचा. शाळेत असताना दोन वर्षं तालमीत माती खाल्ली, पुढे दर जत्रेचं मैदान बघितलं. त्यामुळे डोळा एकच गोष्ट शोधायचा: खांदे. पाय ओढून पट निघाला, ताबा घेतला, पाठीला माती लागली, हलगी वाजली, संपलं. या डोळ्याने मी रिंग्जच्या लढती बघत होतो. कुणी उताणा पडला की माझ्या लेखी तो हरलेला, आणि पुढची वीस मिनिटं म्हणजे पंचाचा आंधळेपणा. तीन वर्षं असं बघितलं, जिथेतिथे "हे लोळणं आहे, कुस्ती नाही" असं ठोकून दिलं, आणि हौसेने जपानहून मागवलेल्या चौदा डीव्हीडी एका पोराला जवळजवळ फुकट देऊन टाकल्या. त्या आता मिळत नाहीत. अजून जीव जळतो.

(त्या डिस्क सोडवायला पार्सलवाल्या कार्यालयात चार खेपा मारल्या होत्या. दर वेळी नवा कागद. चौथ्या खेपेला साहेब जेवायला गेले ते परतलेच नाहीत. आणि घरी आणल्यावर कळलं की जपानी डिस्कवर रीजन २ चं कुलूप, आणि आपला प्लेअर रीजन ५ च्याच डिस्क चालवणारा. कुणी घेणार असाल तर लक्षात ठेवा, कॉम्प्युटरच्या ड्राइव्हचा रीजन साधारण पाचच वेळा बदलता येतो, मग तो कायमचा अडकतो. माझा अडकला.)

डोळा उघडला तो पुण्यात, एका ज्यूदोच्या वर्गात. दहावीतला काडी पोरगा समोर. मी एकेरी पट काढला, त्याला खाली घेतलं आणि छाती फुगवून थांबलो. झाली ना कुस्ती! त्याने पडल्यापडल्या माझं मनगट छातीशी धरलं, एक पाय माझ्या तोंडावरून टाकला आणि कंबर उचलली. कोपरात अशी कळ गेली की मी चटईवर हात आपटून हार मानली. तो उताणाच होता.

त्या रात्री पुन्हा तामुरा-कोसाका लावली. रिंग्जमध्ये चितपट नाहीच. पाठ ही तिथे बसायची जागा आहे, तिथून काम चालतं. कोसाकाच्या नावाने ओळखला जाणारा कात्रीचा डाव खालीच आहे: वरचा माणूस छातीवर चढलेला असताना पायांची कात्री घालून त्याला उलटवायचं आणि जाता जाता त्याचा पाय पकडायचा. हे कळल्यावर ती तीस मिनिटं, बरोबरीत सुटलेली, मला लोळणं वाटेनाशी झाली.

मग बघायचं काय? माझं मत, चुकत असेन. वर कोण आहे ते सोडा, हात बघा. कोपर उलटं करायला आलेल्यासमोर दुसरा स्वतःचेच दोन्ही पंजे एकमेकांत गुंतवतो आणि वरचा ती बोटं सोडवत बसतो. खरी लढाई तिथे असते. दुसरं, रिंगणाभोवतीचा दोर. दोर धरला की पकड सुटते, पण फुकट नाही. यूडब्ल्यूएफच्याच दुसऱ्या तुकड्यात, यूडब्ल्यूएफ इंटरनॅशनलमध्ये, प्रत्येकाच्या खात्यात १५ गुण असायचे, दोराला एक जायचा, फटक्याने खाली पडलं तर तीन. म्हणून दोर हातभर अंतरावर असतानाही माणूस दात खाऊन तसाच पडून राहतो. त्याच्या टाचा दोराकडे सरकतायत की नाही, ते बघा.

आणि वेग वाढवून बघू नका, कृपा करून. निवडक डावांचे तुकडे तर अजिबात नाहीत.

खरं तर सुरुवातीलाच ही लढत घ्यायला नको होती. आधी १९९३ ची ताकादा-व्हेडर बघा, टोकियोच्या जिंगू मैदानावरची. व्हेडर अवाढव्य, ताकादा डावपेचवाला, कुणालाही कळते. मग वोल्क हान, तो साम्बोवाला रशियन, कुठलीही. मग परत इकडे या.

जाता जाता, तालमीतल्यांसाठी. माएदा, ताकादा यांच्या पिढीचा गुरू कार्ल गॉच जपानी पोरांकडून शेकड्यांनी बैठका काढून घ्यायचा. तिकडे त्या प्रकाराला आजही हिंदू स्क्वॉट म्हणतात. आमच्या तालमीत हे सांगितलं तर कुणी विश्वास ठेवला नाही, उलट शंभर बैठका जास्त पडल्या.

तुम्ही कुठली प्रत बघितलीत? त्यात कोपऱ्यात गुणफलक दिसतो का, तेवढं कळवा. माझ्याकडच्या प्रतीत तो भाग कापला गेलाय.