घरच्या एका बाथरूमच्या टाइल्स कापायला हाताचा टाइल कटर घ्यावा की इलेक्ट्रिक?

टाइल्स सिरॅमिक किंवा व्हिट्रिफाइड असतील तर हाताचा कटरच घ्या, आणि सोबत डायमंड ब्लेड लावलेला छोटा अँगल ग्राइंडर (हातात धरायचं, फिरत्या पात्याचं विजेवरचं यंत्र) ठेवा. बाथरूममधले बहुतेक काप सरळ असतात. हाताच्या कटरचं टंगस्टन कार्बाइडचं चाक टाइलच्या चकाकीवर रेघ ओढतं आणि दाब दिला की टाइल त्या रेघेवर तुटते. धूळ जवळपास नाही, पाणी नाही, वीज नाही. रेघ मात्र एकाच दमात, सारख्या दाबाने ओढा. तीच रेघ पुन्हा गिरवली की टाइल वेडीवाकडी तुटते. नवशिक्यांच्या बहुतेक टाइल्स इथेच वाया जातात.

घेताना लांबी नीट बघा. ६०० मिमीच्या चौकोनी टाइलला सरळ कापासाठी ६०० मिमीचा कटर पुरतो, पण पाणी जायच्या जाळीकडे उतार देताना टाइल तिरकी कापावी लागते आणि तिचा कर्ण साधारण ८५० मिमी भरतो, म्हणून तिथे तेवढ्या लांबीचा कटर लागतो.

ग्राइंडर लागतो तो या कापांसाठी:
- नळाच्या पाइपाभोवतीचे एल आकाराचे काप
- बोटभर रुंदीच्या पट्ट्या, ज्या कटरवर हमखास मोडतात

ग्राइंडर कोरडा चालवताना निघणारी सिलिकाची धूळ फुप्फुसांना घातक असते, तेव्हा चांगला मास्क आणि गॉगल लावाच.

अपवाद नैसर्गिक दगडाचा. संगमरवर किंवा ग्रॅनाइट रेघेवर तुटत नाही, त्याला ब्लेडवर पाणी सोडत कापणारा इलेक्ट्रिक कटरच हवा.