माझी १४ वर्षांची मुलगी बारीक असूनही स्वतःला जाड म्हणते, जेवण टाळते. काय करू?

ताई, आधी घरातलं बोलणं बदला. "सुटलीस गं" हे मावशी-आत्या सहज म्हणतात, पण पोरीच्या मनात ते घर करून बसतं. पाळी सुरू होण्याच्या आसपास मांड्या-कंबर भरणं ही वाढच आहे. मोठ्यांचा बीएमआयचा (उंचीच्या मानाने वजन किती, त्याचा) तक्ता या वयाला लावूच नका. माझी भाची डब्यातली पोळी रुमालात गुंडाळून दप्तरात लपवायची. आम्हाला कळलं ते तीन महिने पाळी चुकल्यावर. पाळी लांबली, चक्कर आली, जेवल्यावर लगेच ती बाथरूममध्ये जाऊ लागली, तर थांबू नका; बालरोगतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ दोघांनाही दाखवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा फोन मोफत आहे, मराठीतही बोलतात. वजनकाटा माळ्यावर टाका आणि रात्री तिच्यासोबत जेवायला बसा.