‘द टेन्थ किंगडम’ अजूनही का बघावी

तुमचा प्रश्न असा: ‘द टेन्थ किंगडम’चा पहिला भाग बघितला, राजपुत्राचा कुत्रा झाला, तीन ट्रोल न्यूयॉर्कमध्ये धुडगूस घालायला लागले, इफेक्ट जुनाट वाटले, आणि पंचवीस वर्षांनंतरही लोक या मालिकेवर एवढा जीव का टाकतात ते काही कळलं नाही. पुढे बघावं का, आणि अकरा वर्षांच्या मुलीला दाखवावी का? माझं उत्तर दोन्हीला ‘हो’ आहे. फक्त शेवटचे दोन तास मुलीला एकटीला बघू देऊ नका. का ते पुढे सांगते.

ही मालिका फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेत एनबीसी या टीव्ही वाहिनीवर लागली. जाहिराती वगळल्या तर साधारण सात तासांची. लेखक सायमन मूर. याच माणसाने १९८९ मध्ये ब्रिटिश टीव्हीसाठी ‘ट्रॅफिक’ लिहिली होती, हेरॉइनच्या व्यापाराचे धागे पाकिस्तानपासून जर्मनी आणि ब्रिटनपर्यंत जोडत जाणारी. कुठलंच साम्य नाही असं वाटेल, पण बांधणी बघा. ‘टेन्थ किंगडम’मध्ये न्यूयॉर्क आणि परीकथांचं जग जोडणारा एक जादूचा आरसा हातोहात फिरत राहतो. न्यूयॉर्कची तरुणी व्हर्जिनिया आणि तिचे वडील टोनी त्याच्या मागे गावोगाव जातात, आणि प्रत्येक गावात एक वेगळी गोष्ट आधीच चालू असते. पहिल्या दोन तासांत सगळी मिसळ वाटते ती यामुळे. मूर एकदम बरीच पात्रं पटावर मांडतो आणि मग सावकाश एकेकाचा हिशेब करतो. म्हणूनच पहिल्या भागावरून या मालिकेची पारख करू नये.

माझ्या मते खरी मजा ही, की इथल्या परीकथा संपून गेलेल्या आहेत. हिमगौरी, सिंड्रेला, लाल टोपीवाली या सगळ्यांच्या गोष्टी कधीच सुफळ संपूर्ण झाल्या. त्यांनी राज्यं केली, त्या जगातल्या नऊ राज्यांना चांगले दिवस दाखवले, आणि आता ते दिवस सरलेत. राजपुत्र वेंडेल हा हिमगौरीचा नातू. नऊ राज्यांतल्या तुरुंगालाही हिमगौरीचं नाव दिलंय, ‘हिमगौरी स्मारक तुरुंग’. एखाद्या थोर माणसाचं नाव शाळेला, रस्त्याला, पुलाला देऊन झालं की शेवटी कुठे कुठे पोचतं हे आपल्याला माहीत आहे, त्यामुळे ती पाटी बघताक्षणीच ते जग खरं वाटायला लागतं. जॅकच्या गोष्टीतल्या घेवड्याच्या वेलींचं तिथे जंगल माजलंय, सिंड्रेला दोनशेच्या घरात पोचली आहे. परीकथेला आलेलं हे म्हातारपण मूरने फार प्रेमाने रंगवलंय.

त्या जगाचे जुने नियम मात्र शाबूत आहेत, आणि ते कोणालाच सवलत देत नाहीत. टोनी न्यूयॉर्कमधल्या एका इमारतीची देखभाल करणारा, आयुष्यावर रुसलेला माणूस. त्याला सहा इच्छा पूर्ण करणारी जादूची बी मिळते. तो दहा लाख डॉलर मागतो. पैसे येतात, पण ते बँकेतून चोरीला गेलेले असतात, आणि पोलीस त्याच्याच दारात. पुढे त्याच्या हातून जादूचा आरसा फुटतो आणि सात वर्षांचं दुर्दैव मागे लागतं. ते त्याला खरोखरच भोगावं लागतं, प्रसंगामागून प्रसंग. लोककथेत जे बोललात ते अक्षरशः होतं, आशय कोणी विचारत नाही. हे तत्त्व आजीच्या तोंडून कहाण्या ऐकलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. जॉन लॅरोकेटने हा बाप इतका खरा केलाय की त्याच्यावर चिडावं की त्याला जवळ घ्यावं हे ठरत नाही.

लांडग्याबद्दल तुम्ही लिहिलंय की तो ‘अतिच करतो’. करतोच. पण स्कॉट कोहेनचं काम थोडं पुढे जाऊन बघा. हा अर्धा माणूस, अर्धा लांडगा. दुष्ट राणीने त्याला तुरुंगातून सोडवलंय ते कुत्रा झालेल्या राजपुत्राला पकडून आणण्यासाठी, पण तो व्हर्जिनियाच्या प्रेमात पडतो. भूक आणि प्रेम यांतला फरक त्याला कळत नाही. तो कळावा म्हणून तो न्यूयॉर्कमध्ये मानसोपचारतज्ज्ञाकडे जातो, नातेसंबंध कसे टिकवावे याची पुस्तकं वाचतो. यात विनोद आहे, पण त्याची धडपड शंभर टक्के प्रामाणिक आहे. मेंढपाळांच्या गावात एका मुलीचा खून होतो तेव्हा आधी त्यालाच धरतात आणि जमाव त्याला जाळायला निघतो. लांडगा आहे म्हटल्यावर पुरावा कशाला हवा? त्या तासात मालिका पहिल्यांदा मला घट्ट धरून ठेवते. तुम्ही निदान तिथपर्यंत जाच.

इथून पुढे रहस्य फुटणार आहे. नको असेल तर थेट शेवटच्या दोन परिच्छेदांवर जा.

दुष्ट राणी, म्हणजे डायान वीस्ट, मूळची त्या जगातली नाहीच. ती न्यूयॉर्कचीच, व्हर्जिनियाची आई. व्हर्जिनिया लहान असताना ती घर सोडून गेली. तिचं मन तेव्हा थाऱ्यावर नव्हतं आणि तिच्यापासून पोरीच्या जिवालाच धोका झाला होता. हिमगौरीच्या गोष्टीतली जुनी राणी मेलेली नव्हती, दलदलीत जाऊन राहिली होती. तिने या भरकटलेल्या बाईला गाठलं, आपली विद्या दिली आणि आपलं वैर तिच्या हवाली केलं.

ग्रिम बंधूंचं परीकथांचं पुस्तक माहीत असेल तर इथे थबकायला होतं. १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठलेली राणी ही तिची सख्खी आई आहे. बर्फासारखी गोरी, रक्तासारखी लाल, आबनुसासारखी काळी मुलगी हवी म्हणून जिने इच्छा केली, तीच पुढे मुलीचं काळीज मागते. १८१९ च्या आवृत्तीत ग्रिमनी ती आई बाळंतपणात मारून टाकली आणि तिच्या जागी सावत्र आई आणली. हॅन्सेल आणि ग्रेटेलच्या गोष्टीतही असाच बदल पुढच्या आवृत्त्यांत झाला. पुस्तक घराघरांत मुलांना वाचून दाखवलं जाऊ लागलं होतं आणि सख्खी आई असं काही करते हे सोसण्यासारखं नव्हतं. तेव्हापासून जगभरच्या मुलांना सावत्र आयाच दुष्ट असतात असं ऐकवलं गेलं. कितीतरी भल्या सावत्र आयांवर हा केवढा अन्याय.

मूर ती सख्खी आई पुन्हा त्या सिंहासनावर बसवतो. त्याने १८१२ ची आवृत्ती समोर ठेवून हे केलं असा माझा दावा नाही. पण परिणाम तोच होतो. आपण सात तास टोप्या, ट्रोल आणि बोलणारे आरसे बघत असतो, आणि खाली एक साधा भयंकर प्रश्न वाहत असतो: माझी आई मला सोडून का गेली? व्हर्जिनिया कोणावर विश्वास टाकत नाही, कुठे रमत नाही, लांडग्याचं प्रेम झिडकारते. हा तिचा स्वभाव नाही, ती त्या घरातून निघून गेलेल्या बाईची छाया आहे. किम्बर्ली विल्यम्स हे फार न बोलता दाखवते. आणि डायान वीस्टने ही राणी कधी किंचाळत रंगवलेली नाही. ती हळू बोलते, जवळजवळ मायेने, आणि म्हणून तिची जास्त भीती वाटते.

माझा सर्वांत आवडता प्रसंग बर्फाच्या गुहेतला. व्हर्जिनियाला तिथे प्रत्यक्ष हिमगौरी भेटते. कॅमरिन मॅनहाइमने ती केली आहे, चांगली भरदार, ठाम, चित्रातल्या नाजूक बाहुलीसारखी अजिबात नाही. ती स्वतःची गोष्ट सांगते. ग्रिमच्या कथेत राणी वेषांतर करून तीनदा येते, आधी चोळीची नाडी, मग फणी, मग सफरचंद घेऊन, आणि बुटक्यांनी बजावूनही हिमगौरी तीनदा फसते. लहानपणी वाचताना ही मुलगी इतकी भोळी कशी असं वाटतं. इथे, सोडून दिलेल्या एका मुलीसमोर ती बोलत असताना, दार उघडण्यामागची तहान कळते. कोणीतरी बाई दाराशी आली आहे, माझे केस विंचरू म्हणते आहे. हरवलेल्या मुली स्वतःची सुटका स्वतः करू शकतात, असं ती व्हर्जिनियाला सांगते, आणि तिच्या तोंडी ते उपदेशासारखं वाटत नाही, कारण ती त्यातून गेलेली आहे.

शेवटी माय-लेकींच्या झटापटीत राणी मरते ती त्या विषारी फणीनेच. खलनायिका मेली म्हणून टाळ्या वाजवाव्यात असं काही तिथे नाही. मुलीला आई सापडते आणि तिच्याच हातून जाते. परीकथेवरच्या किती मालिका असा शेवट ठेवायला धजतील?

आता दोष. ड्रॅगनच्या डोंगराचा भाग लांबतो. ट्रोल भावंडं कर्कश आहेत. बी जीज या पॉप बँडच्या गाण्यांवर त्यांचा जीव जडतो हे पहिल्यांदा गमतीचं वाटतं, पुढे पुढे ताणलं जातं. इफेक्ट २००० सालच्या टीव्हीचे आहेत, ते तसेच दिसणार. पण जर्मनी, ऑस्ट्रिया, फ्रान्समधले खरे किल्ले आणि रानं समोर येतात तेव्हा संगणकाची आठवणही होत नाही. सुरुवातीची नामावली तर वगळूच नका. न्यूयॉर्कच्या इमारती बघता बघता परीकथेच्या मुलखात विरघळतात, आणि त्या कामाला त्या वर्षीचं एमी, म्हणजे अमेरिकन टीव्हीचं मोठं पारितोषिक, मिळालं होतं. प्रेक्षकसंख्या मात्र अपेक्षेपेक्षा कमी भरली आणि पुढचा भाग कधी निघाला नाही. त्याची चिंता करू नका, ही गोष्ट इथेच पूर्ण होते.

मुलीला दाखवताना रोज एक-दीड तास पुरे. दहा तुकड्यांची आवृत्ती मिळाली तर तीच घ्या, दोन-दोन तासांचे भाग मुलांना जड जातात. टोनीच्या इच्छांवर ती खदखदून हसेल, लांडगा तिला आवडेलच. आईचं उलगडायला लागलं की जवळ बसा. राणी वाईट आहे की आजारी, असं ती विचारेल. घाईने उत्तर देऊ नका, आधी तिला काय वाटतं ते विचारा. या वयाच्या मुलांना यावर आपल्या अपेक्षेपेक्षा पुष्कळ काही म्हणायचं असतं. मालिका संपल्यावर तिला १८१२ च्या आवृत्तीतली हिमगौरीही वाचून दाखवा. छोटीशीच आहे, आणि तेव्हा ती अगदी वेगळ्या कानांनी ऐकेल.