शुगरच्या जखमेवर जेल लावलं तर जखम ओली राहून चिघळत नाही का?

तुम्ही लिहिलंय की बाबांना शुगर आहे, तळपायाला जखम झालीय, डॉक्टरांनी जेल लावून वर पट्टी करायला सांगितलीय आणि घरातले सगळे म्हणतायत की जखम सुकली पाहिजे, ओली ठेवली तर चिघळणार. मी मूळची मालवणची, गेली काही वर्षं लॅबमध्ये असल्याच हायड्रोजेलवर, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या जेलवर काम करतेय. डॉक्टर नाहीये, तेवढं धरून वाचा.

घरच्यांचं मला नवल वाटत नाही. आमच्या आजोबांचे पाय खडकावरच्या कालवांनी कायम कापलेले असायचे, आणि आजी त्यात हळद भरून त्यांना उन्हात बसवायची, "घाव सुकाक व्हयो" म्हणायची. खपली धरली की सगळे निर्धास्त. आणि हे फक्त आपल्याकडेच नव्हतं, बाहेरच्या देशांतही बरीच वर्षं जखम उघडी ठेवून सुकवायचीच पद्धत होती. मग 1962 साली जॉर्ज विंटर नावाच्या ब्रिटिश संशोधकाने डुकरांच्या कातडीवर सारख्या उथळ जखमा करून काही उघड्या ठेवल्या आणि काहींवर पॉलिथिनची फिल्म लावली, तर झाकलेल्या ओलसर जखमांवर नवी कातडी जवळजवळ दुप्पट वेगाने आली. कारण साधं आहे, कातडीच्या नव्या पेशी कडेकडून सरकत आत येतात आणि त्यांना सरकायला ओल लागते, वर कडक खपली असली की त्यांना तिच्याखालून वाट काढत जावं लागतं. चिघळतं ते जंतूंमुळे, नुसत्या ओलीमुळे नाही. हे मला स्वतःला पटायला वेळ लागला कारण आजीचं वाक्य डोक्यात पक्कं होतं.

आता जेल म्हणजे काय, तर सब्जा भिजवून बघा. बी तेवढीच राहते पण भोवती पाण्याचा फुगा धरतो, चमच्याने उचललं तरी पाणी गळत नाही. तिथे लांब लांब रेणूंची जाळी असते, आपल्या रापणीसारखी, फक्त मासळीऐवजी पाणी अडकतं. जखमेवरच्या जेलमध्ये बहुतेक भाग पाणीच असतं, आणि कोरडी, वर काळपट-पिवळा मेलेला थर असलेली जखम असेल तर ते पाणी हळूहळू तिला मिळतं, थर मऊ पडतो आणि सुटून येतो. डोळ्यात घालायची सॉफ्ट लेन्स पण याच घराण्यातली, 1960 मध्ये विख्तर्ले आणि लीम या दोन चेक शास्त्रज्ञांनी असल्या जेलवर पेपर लिहिला होता, त्यातून पुढे ती आली.

पण जखमेतून आधीच खूप पाणी येत असेल तर असं पाणी देणारं जेल उलट नुकसान करतं, कडेची कातडी पांढरी आणि भुसभुशीत होते. तिथे अल्जिनेटची पट्टी लावतात. ती तपकिरी समुद्री शेवाळापासून बनते, त्यातलं सरगॅसम आपल्या मालवणच्या खडकांवर पण उगवतं. पट्टी लावताना कापसासारखी कोरडी असते, जखमेतलं पाणी पिते आणि मग तिचंच जेल होतं, कारण तिच्यातलं कॅल्शियम जाऊन पाण्यातलं सोडियम येतं आणि धागे फुगतात.

माझं काम कोलंबीच्या सालींवर आहे. त्यातून कायटिन निघतं आणि त्यावर तीव्र कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया केली की कायटोसान, जे पातळ व्हिनेगरमध्ये विरघळतं. त्यावर धन विद्युतभार असतो, रक्तपेशींवर ऋण, दोन्ही एकमेकांना ओढून चिकटतात, म्हणून रक्त थांबवणाऱ्या पट्ट्यांत ते वापरतात. ऐकायला सोपं वाटतं, जेल बनतं पण एका दिवसात. खरा त्रास असा की कोलंबीची जात बदलली, प्रक्रियेचा वेळ जरा मागेपुढे झाला की रेणूंची लांबी बदलते, आणि निर्जंतुक करायला गॅमा किरण मारले की त्या साखळ्या तुटून घट्ट जेल पातळ होतं. आमच्या अशा किती बॅचेस वाया गेल्यात! म्हणून घरी कोरफड किंवा सब्जा वाटून जखमेवर कृपा करून लावू नका, दिसायला जेलच असतं पण निर्जंतुक नसतं.

बाबांच्या बाबतीत एकच गोष्ट डॉक्टरांना नक्की विचारा, पायाचा रक्तपुरवठा तपासलाय का. रक्तच पोचत नसेल आणि बोट किंवा टाच कोरडी काळी पडली असेल तर तिथे मुद्दाम कोरडंच ठेवतात, तेव्हा घरच्यांचं म्हणणं बरोबर ठरतं. आणि चालताना त्या जागेवर भार येत राहिला तर कुठलंच जेल काही करू शकत नाही, चपलेचं पण विचारून घ्या.

पट्टी बदलताना खाली पिवळसर गिळगिळीत काहीतरी दिसेल, ते बहुतेक वेळा वितळलेलं जेल आणि सुटलेला थर असतो, पू समजून घाबरून पट्टी बंद करू नका. सलाईनने धुवून मग बघा. धुतल्यावरही घाण वास राहिला, भोवती लाली पसरत गेली, सूज किंवा ताप आला तर त्याच दिवशी दाखवा, शुगरमध्ये पायाला दुखत नाही म्हणून थांबू नका, कारण नसा बधिर झालेल्या असतात.